अंगठा कोठे लावावा?

लिहितावाचता न येणाऱ्या माणसाला आपल्याकडे थट्टेने 'अंगठेबहाद्दर' म्हणत असत. सही करील तो शहाणा आणि अंगठा उमटवील तो अडाणी, अशी सरळ वाटणी होती. आज ही वाटणी पार मोडून गेली आहे. रेशन दुकानात आजीबाई अंगठा लावतात, बँकेत गुरुजी अंगठा लावतात, सिमकार्ड घेताना पदवीधर तरुण अंगठा लावतो. खिशातला मोबाईल उघडायलाही पुष्कळजण अंगठाच टेकवतात. म्हणजे आता आपण सगळेच अंगठेबहाद्दर झालो आहोत. शाईची जागा काचेने घेतली, एवढाच काय तो फरक.

तेव्हा प्रश्न अंगठा येतो की सही येते, हा राहिलेला नाही. प्रश्न असा आहे की, अंगठा लावताना आपण कशाला होकार देतो आहोत, हे आपल्याला ठाऊक असते का? आजच्या भाषणात मला एवढ्याच गोष्टीविषयी बोलायचे आहे.

हा प्रश्न यंत्रांबरोबर आला, असे मात्र समजू नका. तो आपल्या मुलखात फार जुना आहे. सन १८७५ च्या मे महिन्याची १२ तारीख. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजार भरला होता. त्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. तेथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. या दंग्यांची एक विशेष गोष्ट अशी की, बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख सावकाराच्या कागदांवर होता. खतपत्रे, रोखे, हिशेबाच्या वह्या बाहेर काढायच्या आणि त्यांची होळी करायची! त्या कागदांवर लोकांनी निशाण्या केल्या होत्या, परंतु आत काय लिहिले आहे, ते त्यांना वाचता येत नव्हते. शंभर घेतले की दोनशे, व्याज किती, जमीन गहाण पडली की विकली गेली, सगळे सावकार सांगेल ते खरे.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली 'दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा' आला. त्यात पुष्कळ कलमे होती, पण आपल्या आजच्या विषयाला लागू पडणाऱ्या तेवढ्या सांगतो. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा. दिलेल्या पैशाची पावती मिळावी. हिशेबाचा उतारा मिळावा. हा कायदा पुणे, नगर, सोलापूर, सातारा या ब्रिटिश मुलखातल्या जिल्ह्यांसाठी होता. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून तो आपल्याकडे लागू झाला नाही. पण आष्टी-पाटोद्याकडचा भाग नगरच्या शिवेला शिव लावून आहे. शिवेच्या अलीकडे दुखणे वेगळे होते असे कोण म्हणेल?

या सगळ्याचे सार काढले तर तीन गोष्टी हाती लागतात. निशाणी करण्यापूर्वी समजून घेणे, निशाणी योग्य माणसासमोर करणे आणि निशाणी केल्यावर पुरावा आपल्या हाती ठेवणे. समज, साक्ष आणि पावती. ही तीन सूत्रे ध्यानात ठेवा, पुढे यंत्राच्या बाबतीतही तीच कामाला येणार आहेत.

आता बोटाच्या ठशाकडे येऊ. माणूस ओळखण्यासाठी ठसा वापरण्याच्या रीतीचा आधुनिक इतिहास आपल्याच देशात घडला. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. माणसाने पुढे करार नाकारू नये, हा त्यातला हेतू. पुढे १८९७ साली कलकत्त्याला ठशांचे सरकारी कार्यालय निघाले. ठशांची वर्गवारी लावण्याच्या कामी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कामगारांचा मोठा वाटा होता. सांगायचा मुद्दा हा की, ठसा जन्माला आला तोच मुळी 'हा माणूस तोच आहे, आता त्याला नाही म्हणता येणार नाही' असे सांगण्यासाठी.

त्यानंतर दीडशे वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्या महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्या गोरगरिबांजवळ ओळखीचा कसलाच कागद नव्हता, त्यांना ओळख मिळाली, हे खरेच मोठे काम झाले.

हे यंत्र काम कसे करते, ते थोडक्यात पाहू. बोट काचेवर ठेवले की यंत्र त्याचे चित्र घेते. बोटावरच्या रेघा कोठे संपतात, कोठे त्यांना फाटा फुटतो, अशा खुणा ते टिपते. नांगरटीच्या तासांना जसे मध्येच फाटे फुटावेत, तशा या खुणा असतात, आणि त्यांची मांडणी प्रत्येक बोटाची निराळी. ही मांडणी सांकेतिक लिपीत बंद करून आधारच्या मध्यवर्ती कार्यालयाकडे जाते. तेथे तुमच्या नोंदीशी तिची तुलना होते आणि क्षणात उत्तर येते, 'होय' किंवा 'नाही'.

'होय' म्हणजे काय, हे इथे नीट समजून घ्या. बोट त्याच माणसाचे आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या माणसाला पाचशे रुपये काढायचे होते की पाच हजार, हे यंत्राला कळत नाही. त्याला व्यवहार समजला होता की नाही, हेही कळत नाही. यंत्र माणूस ओळखते, माणसाचे मन ओळखत नाही. रक्कम घालतो तो यंत्रापाशी बसलेला मनुष्य. १८७५ च्या रोख्यात आकडा सावकार लिहीत असे आणि निशाणी शेतकऱ्याची असे. आज आकडा दुसरा कोणी दाबतो आणि अंगठा आपला असतो. पेच तोच आहे.

आपल्या जिल्ह्यात तर हा पेच फारच टोकदार होतो. बीड म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाचे पाते करवतीसारखे कापते. कोयत्याच्या मुठीने हाताला घट्टे पडतात. मोळ्या बांधून बांधून बोटांच्या रेघा झिजतात. मग एखादी बाई गावच्या सेवा केंद्रात किंवा बँक मित्राकडे 'अंगठ्यावर पैसे' काढायला जाते. काचेवर बोट ठेवते, आणि यंत्र तिला ओळखत नाही. ज्या हातांनी मेहनत केली, त्याच मेहनतीने ओळख पुसावी, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

आणि नेमक्या इथेच फसवणुकीला वाव मिळतो. समोरचा म्हणतो, "मावशी, अंगठा नीट लागला नाही, पुन्हा ठेवा." ती पुन्हा ठेवते. "फेल गेलं, आणखी एकदा." ती आणखी एकदा ठेवते. तीनदा अंगठा लागला, हाती मात्र एकदाच पैसे आले. बहुतेक वेळा यंत्र खरोखरच अडलेले असते, आणि केंद्र चालवणारी बहुतांश मंडळी प्रामाणिक असतात, हे मी मुद्दाम सांगतो. पण मधल्या एखाद्या अंगठ्यावर खरोखरच रक्कम निघाली असेल, तर त्या माउलीला ते कळणार कसे? या व्यवहाराला ओटीपी लागत नाही, पिनही लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट, एवढ्यावर काम होते. ही त्यातली सोय आहे, आणि धोकाही तोच आहे.

यावर उपाय काय? आपली तीन सूत्रे. पहिली समज. बोट ठेवण्यापूर्वी विचारा, "भाऊ, रक्कम किती टाकली? मला पडद्यावर दाखव." अक्षर येत नसले तरी आकडा पुष्कळांना ओळखता येतो. विचारण्यात संकोच कसला? बाजारात मापाकडे बघतोच ना आपण? दुसरी साक्ष. केंद्र कोणत्या बँकेचे, चालवणारा कोण, हे माहीत असलेल्या जागीच जा. केंद्र चालवणाऱ्यांची नीट पडताळणी करून मगच त्यांना कामावर घ्यावे, असा दंडक रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२६ पासून बँकांना घातला आहे. तिसरी पावती. व्यवहार झाला तरी पावती, आणि 'फेल' गेला तरीही पावती. फेल झाल्याचीही चिठ्ठी निघते, ती मागून घ्या. आणि आठ-पंधरा दिवसांनी पासबुक भरून आणा. पासबुकात सगळ्या व्यवहारांची तारीखवार नोंद सापडते.

बोट उमटतच नसेल, तर हताश होऊ नका. डोळ्यांच्या बुबुळावरून आणि चेहऱ्यावरूनही ओळख पटवण्याची सोय आधारमध्ये आहे. ठसे झिजले असतील, तर आधार केंद्रावर ते नव्याने नोंदवून घेता येतात. आणि काही नाही तरी बँकेच्या शाखेत जाऊन पैसे काढण्याची स्लिप भरण्याचा जुना राजमार्ग आहेच.

आता दुसरी बाजू. घराची किल्ली हरवली तर आपण कुलूप बदलतो. पिन फुटला तर पिन बदलतो. पण अंगठा बदलता येतो का? आणि अंगठा तर आपण जागोजागी ठेवत असतो. २०१८ साली तेलंगणात एक प्रकरण उघडकीस आले. जमिनीच्या खरेदीखतांची चित्रे सरकारी संकेतस्थळावर होती, त्यांवरचे बोटांचे ठसे उचलून एका इसमाने रबरी ठसे बनवले आणि लोकांच्या नावावर हजारो सिमकार्डे चालू केली. खरेदीखतावरचा अंगठा, जो आपण हक्काचा पुरावा समजतो, त्याचाच चोराला उपयोग झाला. पुढे २०२३ साली आधारच्या प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे की नकली, हे ताडून पाहणारी नवी तपासणी आणली. म्हणजे राखणदारही शहाणा होत चालला आहे. तरी आपल्या घराला आपण कडी घालावी हे बरे.

ती कडी म्हणजे 'बायोमेट्रिक लॉक'. आधारच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत ॲपमध्ये जाऊन आपले ठसे कुलूपबंद करता येतात. मग कोणीही, खरा ठसा घेऊनसुद्धा, त्यावर व्यवहार करू शकत नाही. लागेल तेव्हा तात्पुरते उघडता येते. यासाठी मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा. पण एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ज्यांना दर महिन्याला रेशनसाठी अंगठा लावावा लागतो, त्यांना प्रत्येक वेळी कुलूप उघडावे लागेल. घरात मोबाईल चालवणारे कोणी नसेल, तर ऐन वेळी धान्य अडायचे. तेव्हा ज्याचे त्याने घरची सोय बघून ठरवावे. नोकरदार, व्यापारी, शिक्षक यांनी मात्र ही कडी घालायला काहीच हरकत नाही. त्याच ठिकाणी गेल्या सहा महिन्यांत आपले आधार कोठे कोठे वापरले गेले, याची यादीही पाहता येते. आधारची प्रत द्यायची वेळ आली, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत काढून देता येते. झेरॉक्स देताना तीवर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहावे. कोऱ्या कागदावर सही न करण्यातला शहाणपणा तोच हा.

श्रोतेहो, इथवर काचेवरच्या अंगठ्याविषयी बोललो. पण आपण दिवसातून कितीतरी वेळा आणखी एक अंगठा लावत असतो, आणि त्याची आपल्याला जाणीवही नसते. तो म्हणजे मोबाईलच्या पडद्यावरचा.

मोबाईल हे नुसते यंत्र आहे. त्याला काय करायचे हे सांगणाऱ्या लेखी सूचनांना सॉफ्टवेअर म्हणतात, आणि एका विशिष्ट कामासाठी बांधलेल्या सूचनांच्या गाठोड्याला ॲप. ॲप म्हणजे घरात ठेवलेला गडी समजा. गडी ठेवताना आपण त्याला गोठ्याची किल्ली देतो, तिजोरीची देत नाही. ॲप घेताना पडद्यावर एक चौकट येते. तुमचे संदेश वाचू का? तुमचे फोननंबर पाहू का? फोटो पाहू का? खाली 'परवानगी द्या' असे बटण असते. घाईघाईत आपण त्यावर अंगठा दाबतो. ही चौकट म्हणजेच आजच्या काळातला रोखा. विजेरीचे ॲप जर तुमचे संदेश वाचायला मागत असेल, तर त्या गड्याला तिजोरीत काय काम, असे विचारले पाहिजे.

हल्ली व्हॉट्सॲपवर एखाद्या सरकारी योजनेच्या नावाची फाईल येते. कधी किसान योजनेचे नाव, कधी बँकेची केवायसी, कधी लग्नाची पत्रिका. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ही पत्रिका नव्हे, हे सबंध ॲप असते. ते दाबून आत घेतले, संदेश वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. तुम्ही कोणाला ओटीपी सांगितलाही नाही आणि पैसे मात्र गेले, असे होते ते यामुळे. म्हणून पक्के ध्यानात ठेवा, कोणत्याही योजनेचे किंवा बँकेचे ॲप व्हॉट्सॲपवरून घ्यायचे नाही. ओळखीच्या माणसाकडून आले तरी नाही, कारण त्याचाही फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट पिनची. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि आज चहाच्या टपरीवरही त्याचा कागद चिकटवलेला दिसतो. त्याचा नियम साधा आहे. पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना पिन लागत नाही. "दादा, तुमची म्हैस पसंत आहे, ॲडव्हान्स पाठवतो, तेवढा कोड स्कॅन करून पिन टाका" असे कोणी म्हणाला, तर तो म्हैस घेणारा नव्हे, म्हशीचे पैसे नेणारा आहे असे समजा.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्याजवळ लपवण्यासारखे आहे तरी काय? आम्ही साधी माणसं." हा प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर दिले पाहिजे. जुन्या सावकाराचे बळ नुसत्या पैशात नव्हते, माहितीत होते. कोणाच्या घरी लग्न निघाले, कोणाचा बैल मेला, कोणाचे पीक बुडाले, हे त्याला आधी कळे. गरज कळली की व्याज ठरे. आज तीच माहिती मोबाईलमध्ये आहे. दवाखान्याचे कागद, बँकेचे संदेश, मुलीचे फोटो, भावकीतले फोननंबर, सगळे एका पेटीत. ते लज्जास्पद आहे म्हणून झाकायचे नाही, दुसऱ्याच्या हाती आपली दोरी जाऊ नये म्हणून झाकायचे.

याचे कडू उदाहरण म्हणजे झटपट कर्ज देणारी बनावट ॲपे. दोन मिनिटांत पाच हजार रुपये मिळतात. पण घेताना फोनमधले सगळे नंबर आणि फोटो त्यांच्याकडे जातात. हप्ता चुकला, किंवा भरला तरीही, पाहुण्यारावळ्यांना फोन जातात, घरच्या बायकांचे फोटो विद्रूप करून पाठवले जातात. देशात कित्येकांनी या छळापायी जीव दिला आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नियम काढला की, कर्जाच्या ॲपने फोनमधली नंबरांची यादी, फोटो-फाईली आणि कॉलची नोंद यांना हात लावू नये. यातूनच आपल्याला एक सोपी कसोटी मिळते. कर्ज देणारे ॲप तुमचे नंबर मागू लागले, की ते नियमातले नाही, हे त्यानेच कबूल केले. तिथेच थांबा.

कायद्यानेही या बाबतीत पावले टाकली आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार वैध ठरले, पण सिमकार्डासाठी आणि बँक खात्यासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, शाळेच्या प्रवेशासाठी ते अनिवार्य करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांच्या मुदतीने लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. संमती मागणाऱ्याने कोणती माहिती, कशासाठी, हे सोप्या भाषेत सांगावे, आणि ते आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय असावी. आणि दिलेली संमती परत घेता यावी. ज्या भाषेत आपण भांडतो आणि ओव्या गातो, त्याच भाषेत आपल्याला रोखा वाचायला मिळावा, हा हक्क १८७५ च्या शेतकऱ्याला मिळाला असता, तर कदाचित होळ्या पेटल्याच नसत्या.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर काय करावे? रडत बसू नये, आणि लाजूनही बसू नये. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करावा. हा सरकारचा सायबर तक्रारीचा क्रमांक आहे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवतो. ते वाटेतच अडवता यावेत म्हणून पहिल्या तास-दोन तासांना फार किंमत असते. लगेच बँकेलाही कळवावे आणि कळवल्याची पोच घ्यावी. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी दरोडा घातला, आणि ग्राहकाने बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर नुकसानीचा भार ग्राहकावर पडू नये. आपणच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तरी कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. म्हणून उशीर करण्यात आपलाच तोटा. तिकडे कारखान्याच्या फडावर असाल, गावाकडची शाखा दूर असेल, तरी फोन तेथूनही करता येतो. गावी परत जाईपर्यंत थांबू नका.

शेवटी दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींना. गावात आज वाचणारा माणूस म्हणून लोक अजूनही तुमच्याकडेच येतात. आठवड्यातून एक तास असा काढा की, मुलांनी घरातल्या मोबाईलवर आलेली एक परवानगीची चौकट किंवा एक बँकेचा संदेश वहीत उतरवून आणावा, आणि वर्गात मोठ्याने वाचून त्याचा अर्थ लावावा. खाते क्रमांक आणि आकडे मात्र उतरवू नयेत. आईबाप तोडीला गेले आणि पोर आजीजवळ राहिले, तर घरातला वाचणारा तेच पोर असते. त्याला हे आले, म्हणजे सबंध घराला आले.

आणि शिक्षक हे स्वतःही मोठे दप्तर सांभाळणारे आहेत. मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, जातीचे दाखले, बँक पासबुके, सगळे शाळेत येते. माहिती लवकर वर पाठवायची म्हणून या याद्यांचे फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकले जातात. तिथून ते कोठे जातात, कोण सांगणार? अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची, तर आईवडिलांची संमती लागेल, असे नवा कायदा म्हणतो. कायदा लागू होण्याची वाट कशाला पाहायची? लेकरांची माहिती ही ठेव आहे असे मानून आजच तिला कुलूप घालावे.

मंडळी, यंत्राला भिऊन दूर पळावे, असे मी मुळीच म्हणत नाही. अंगठ्याने घरपोच पैसे आले, परगावी रेशन मिळाले, दलालाच्या खेपा वाचल्या, हे सगळे खरे आहे. मी म्हणतो ते इतकेच. आपल्या पूर्वजांजवळ अंगठा होता, पण विचारण्याची सोय नव्हती. आपल्याजवळ दोन्ही आहे. तेव्हा अंगठा टेकण्यापूर्वी एक क्षण थांबून विचारा, "हे काय आहे? कशासाठी आहे? पावती कोठे आहे?" समोरचा उत्तर देत असेल, तर खुशाल अंगठा लावा. आणि तो चिडला, घाई करू लागला, तर हात मागे घ्या. अंगठा आपला आहे, आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकारही आपलाच आहे.